लग्नाच्या अल्बममधला कुठला फोटो तुम्ही अजून बघता?

कृष्णधवल
मंडळी, नमस्कार. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू होतो आणि मग ज्येष्ठ संपेपर्यंत टेकायला वेळ नसतो. आता आषाढ लागलाय, कोल्हापुरात पावसानं मुक्काम ठोकलाय, लेन्सा पुसून सिलिका जेलच्या डब्यात गेल्यात. म्हणून बरेच दिवस मनात असलेलं लिहायला बसलोय.

मी लग्नाचे फोटो काढतो. सुरुवात १९९९ साली, दहावीच्या सुट्टीत. तेव्हा कॅमेऱ्याला हात लावायची परवानगी नव्हती. माझं काम एकच, हॅलोजन धरायचा. पुढं उस्ताद, खांद्यावर व्हीएचएसचा भलामोठा कॅमेरा घेऊन. त्यांच्या मागं दोन पावलांवर मी, एक हात वर करून हजार वॅटचा दिवा धरलेला, दुसऱ्या हातानं वायर सोडत नि गुंडाळत. वायर कुणाच्या पत्रावळीवरून गेली की बोलणी मला. दिव्याची जाळी इतकी तापायची की उजव्या मनगटावर तिचा डाग अजून आहे.

फोटोग्राफी मी शिकलो ती त्या दिव्यामागं उभं राहून. दिवा अंगावर पडला की माणूस बदलतो. हसणारी बाई पदर सारखा करते, घास तोंडाशी नेलेला माणूस हात खाली घेतो, पोरं शाळेच्या प्रार्थनेला उभी राहावीत तशी ताठ होतात. दिवा पुढं सरकला की दोन सेकंदांत सगळी परत आपापल्या जागी. त्यामुळं मला सवयच लागली, दिवा उस्ताद सांगतील तिकडं धरायचा आणि बघायचं दुसरीकडं, अंधारात. गौरीहराच्या खोलीबाहेर भिंतीकडं तोंड करून उभा असलेला नवरीचा मामा. कोठीघराच्या दारात चपला उशाला घेऊन झोपलेला आचारी. वरमाईच्या पायाला लागलेलं कुणीतरी दाबून देतंय. यातलं काहीच त्या कॅसेटमध्ये आलं नाही, कारण दिवा तिथं नव्हता.

उजेडाचं म्हणाल तर ते अंबाबाईच्या देवळात शिकलो. वडील दर वर्षी किरणोत्सवाला न्यायचे. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आला, धूर आला, वाटेत काही आडवं आलं की तो दिवस गेला. सगळी गर्दी श्वास धरून चार-पाच मिनिटांच्या उजेडाची वाट बघत असते. लग्नात अंतरपाट दूर होतो तेव्हा मला दर वेळी तेच आठवतं. उजेड मागवून येत नाही, आपण आधी जाऊन उभं राहायचं असतं.

आता प्रश्न. तुमच्या लग्नाच्या अल्बममधला कुठला एक फोटो तुम्ही अजून उघडून बघता? आणि कुठला काढायचा राहून गेला? मला हे धंद्यासाठी हवंय, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त, मी गेली इतकी वर्षं ज्या अंधाऱ्या कोपऱ्यांच्या मागं लागलोय ते लोकांना खरंच हवे असतात का, हे समजून घ्यायचंय.

दूधगंगा
पहिली मीच. माझी आत्या रुखवताच्या टेबलामागं बसून लाडू मोजतेय, तोंडात सुपारी, चष्मा नाकावर. कुणी काढला, का काढला माहीत नाही. स्टेजवरच्या फोटोंची पानं एकमेकांना चिकटलीत, पण या पानाचा कोपरा हाताळून हाताळून मऊ झालाय.

पेठेतला
दादा, लिहिलंय लय भारी, पण एक तक्रार हाय, पोटात ठेवून उपयोग नाही. तुमची मंडळी स्टेजवर चढत्यात आणि आमच्याकडं पाठ करून उभी राहत्यात. गेल्या वैशाखात माझ्या सख्ख्या भाचीचं लगीन. अक्षता हातात घेऊन पहिल्या रांगेत उभा होतो. मंगलाष्टका संपल्या, वाजंत्री वाजली, मी काय बघितलं? दोन फोटोवाले, दोन व्हिडिओवाले, एक गिंबल घेऊन फिरणारं पोरगं. पाच पाठी. माझ्या अक्षता त्यांच्याच डोक्यात. भाचीचं तोंड मी पंगतीत बघितलं.

हलगी
पेठेतला, म्हणजे लग्न त्या पाच जणांचं लागलं म्हणा की! आहेर दिलासा का नाही त्यांना?

कृष्णधवल
पेठेतला, तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनी ती वाचावी असं मला वाटतं. माझा नियम सांगतो. मंगलाष्टका सुरू झाल्या की स्टेजवर माझा एकच माणूस, तोही गुडघ्यावर, नवरीच्या मामाच्या बाजूला. दुसरा खाली, गर्दीच्या मागं, लांब लेन्स घेऊन. उभं राहून मधे यायचं नाही. ‘तदेव लग्नं’ कानावर आलं की बोट बटणावर, कारण त्यानंतर भटजी अंतरपाट कधी ओढतील सांगता येत नाही.

आणि तो क्षण पुढून घ्यायलाच हवा असं थोडंच आहे? मागून घेतला तर अक्षता टाकणारे शेकडो हात वर उठलेले मिळतात. शटर पाचशेच्या वर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागाहूनही कमी वेळ उघडं, ठेवलं की दाणा न् दाणा हवेत थांबतो. साठवर आणलं की त्याच अक्षतांच्या रेघा होतात, पाऊस पडल्यासारख्या. मला रेघा जास्त आवडतात. घरच्यांना दाणे आवडतात. दोन्ही देतो.

निवृत्त_मास्तर
माझे लग्न १९७४ सालचे, गावी, दारातल्या मांडवात. फोटोग्राफर कोल्हापुरातून एसटीने आला होता. गळ्यात दोन भिंगांचा, वरून डोकावून बघायचा कॅमेरा. १२० चा रोल, एका रोलमध्ये १२ फोटो. वडिलांनी दोन रोल ठरवले होते, म्हणजे एकूण २४. त्याने आल्याबरोबर चहा घेण्याआधी वडिलांना बाजूला घेऊन विचारले, “कोणाकोणाचे घ्यायचे ते एकदा सांगून ठेवा.” वडिलांनी पत्रिकेच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर यादी केली. ती यादी माझ्याकडे अजून आहे. पहिले नाव आजीचे, दुसरे सोयरीक जमवणाऱ्या दूरच्या काकांचे, माझे नाव सहावे.

फ्लॅशला प्रत्येक फोटोसाठी नवा बल्ब लावावा लागे. तो फुटला की काचेचा गरम वास यायचा आणि लहान मुले बल्ब मागायला धावायची. २४ पैकी तीन काळे आले. उरले २१. ते सगळे मला तोंडपाठ आहेत, क्रमाने. आम्ही दोघे म्हातारे दिवाळीत ते एकदा बाहेर काढतो.

मी बघतो तो फोटो माझ्या सासऱ्यांचा. मांडवाच्या खांबाला धरून उभे आहेत, पागोटे थोडे कलले आहे. ते यादीत नव्हते. फोटोग्राफरने स्वतःहून तो एक घेतला. चोविसातला एक खर्च करायचा म्हणजे त्या काळी किती मोठी गोष्ट होती, हे आज कळते.

मुक्काम_पुणे
मास्तर, तुमचे २१ तोंडपाठ आणि माझे चार हजार एकदाही पूर्ण बघून झाले नाहीत. लग्न कोल्हापुरात, २०१६. फोटोग्राफरनं हार्ड डिस्क हातात दिली आणि म्हणाला, यातले दीडशे निवडा, मग अल्बम करतो. आम्ही दोघं आयटीत, निवडायला बसू बसू म्हणता दीड वर्ष गेलं. मग डिस्क लावली तर नुसती टिकटिक आवाज. त्याच्याकडे विचारलं तर त्यानं सहा महिन्यांनंतर जागा मोकळी करायला सगळं पुसलेलं. आता नातेवाइकांच्या मोबाइलमधले चाळीसेक आहेत, तेही व्हॉट्सॲपवर फिरून फिरून धुरकट झालेले. राहून गेलेला फोटो विचाराल तर मी म्हणेन, सगळेच.

कृष्णधवल
वाचून पोटात खड्डा पडला. निवडायचं काम गिऱ्हाइकावर टाकणं हे मला मुळातच पटत नाही. निवडणं हा फोटो काढण्याचाच अर्धा भाग आहे. मी लग्नानंतर आठ दिवस फक्त वेचत बसतो, हजारातले सहाशे आणि त्यातले दीडशे. वीस एकसारख्या फोटोंतला डोळे उघडे असलेला कुठला, हे शोधायचं काम नवऱ्या मुलाचं नव्हे.

आणि जपणं. कॅमेऱ्यात दोन कार्डं, दोन्हीवर एकदमच फोटो पडतात. घरी गेल्यावर तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्याच घरात. आमच्या गावात पंचगंगेचं पाणी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडतं तेव्हा एकाच घरात दहा प्रती असून काही उपयोग नसतो.

आंबेवाडीकर
पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. २०१९ च्या पुरात आमचं घर माळ्यापर्यंत पाण्यात होतं. आई-वडिलांचा अल्बम ट्रंकेत. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर सगळा गठ्ठा एक वीट झालेला. मी घाईत पानं उन्हात ठेवून ओढून काढली, त्यात आईच्या चेहऱ्याचा रंग समोरच्या पानाला चिकटून गेला. २०२१ ला पाणी परत येणार म्हटल्यावर पहिलं काय उचललं असेल तर उरलेले फोटो. गॅस, टीव्ही नंतर.

कृष्णधवल
दादा, त्या दोन्ही पुरांनंतर लोक चिखलाचे अल्बम घेऊन माझ्या दारात यायचे, म्हणून हे लिहून ठेवतो, कुणाला उपयोगी पडेल. ओला अल्बम आहे तसा वाळू द्यायचा नाही. वाळला की चिकटलाच. फोटो स्वच्छ गार पाण्याच्या परातीत सोडायचे, पाणी बदलत राहायचं, आपोआप सुटतील तेवढेच सोडवायचे. तोंडावर बोट घासायचं नाही, ओला थर लोण्यासारखा निघून येतो. मग चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवायचे. लगेच जमणार नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवायचे, वेळ मिळेल तेव्हा काढायचे. निगेटिव्ह असतील तर त्याही अशाच. तुमच्या आईंच्या फोटोची निगेटिव्ह कुठं सापडते का बघा. जुने स्टुडिओवाले निगेटिव्ह वर्षानुवर्षं ठेवायचे.

करवली
मी इचलकरंजीची, गेली नऊ वर्षं हेच काम करते, त्यामुळं कृष्णधवल दादांशी थोडं भांडणार आहे.

अंधारे कोपरे, आत्या, मामा, सगळं मान्य. पण नवरीनं काय करायचं? ती पहाटे चारला उठलेली असते. तीन तास मेकअप, हिरवा चुडा, नथ, साज, नऊवारीचा काष्टा दोन वेळा सोडून परत घातलेला. तिला स्वतःचा एक सुंदर, शांत, नीट उजेडातला फोटो हवा असतो आणि त्यात काही वावगं नाही. आजकाल ‘आम्ही फक्त कँडिड काढतो’ म्हणणारे खूप झालेत. त्यांच्या अल्बममध्ये सगळे हसताना, रडताना, धावताना, पण नवरीचा डोळ्यांत बघणारा एक सरळ फोटो सापडत नाही. मी प्रत्येक नवरीला मांडवात जायच्या आधी दहा मिनिटं खिडकीजवळ बसवते. खोलीतले दिवे बंद, मैत्रिणी बाहेर. पहिली पाच मिनिटं कॅमेरा खालीच असतो. ती एकदा श्वास सोडते, खांदे उतरतात, मग मी फोटो काढते.

बाई असल्याचा एक फायदा की त्या खोलीत मला कुणी अडवत नाही. हळदीच्या वेळी तर नाहीच. तोटा म्हणजे वरात संपून रात्री एकला परत यायचं. पहिली तीन वर्षं वडील दर लग्नाला कार्यालयाबाहेर मोटरसायकल घेऊन थांबायचे. घरातून विरोध होता तो असा थांबून थांबून मावळला. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला १९४७ च्या आगेमागे साडी नेसून, अवजड कॅमेरा घेऊन दिल्ली गाजवत होत्या, हे मी वडिलांना सांगितलं होतं. ते म्हणाले, त्यांच्या वडिलांना झोप लागत होती का ते विचारून ये.

दूधगंगा
करवली ताई, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

कृष्णधवल
करवली ताई, हरलो. खिडकीजवळची ती दहा मिनिटं मी माझ्या कामात कायम घाईत उरकतो, हे मान्य करायलाच हवं. माझं सगळं लक्ष कडेच्या माणसांवर, आणि मधल्या दोघांना मी गृहीत धरतो. या सीझनला बदलणार.

हळदीचा तुमचा अनुभव सांगा ना. मला हळदीत रंग नेहमी त्रास देतो.

करवली
सगळ्यांनाच देतो. पिवळी साडी, पिवळा पडदा, झेंडूच्या माळा आणि त्यात पिवळं तोंड. कॅमेरा ऑटोवर ठेवला की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, मग तो निळा रंग ओततो आणि नवरी आजारी दिसते. मी भटजींच्या पांढऱ्या उपरण्यावर रंग जुळवून घेते आणि मग त्याला हात लावत नाही.

संध्याकाळच्या रिसेप्शनला याहून वाईट, ते जांभळे एलईडी. डेकोरेशनवाल्याला आदल्या दिवशी फोन करून विनंती करते की तोंडावर तरी पांढरा दिवा सोडा. शटरही शंभर किंवा पन्नासवर, नाहीतर काही दिव्यांच्या फोटोत पट्टे येतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि असे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात.

कृष्णधवल
आणि गुलाबी छताच्या मांडवात फ्लॅश वर मारून उजेड खाली आणला की सगळं वऱ्हाड गुलाबी होतं! मी सहायकाला पांढरं शर्टच घालायला लावतो. वेळ पडली तर त्याच्या पाठीवरून उजेड उडवतो.

हलगी
प्री-वेडिंगवर कुणीच बोललं नाही. परवा रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला गेलो, संध्यामठाच्या बाजूला तीन जोडपी, तीन टीम, एकाच सूर्यास्तासाठी रांग. वर ड्रोन घोंगावतंय. भेळ खायची सोय राहिली नाही.

पेठेतला
ड्रोनला काय परवाना-बिरवाना लागतो का ओ?

कृष्णधवल
२०२१ च्या ड्रोन नियमांत हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आहेत. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ असल्यानं शहरातल्या लोकांनी सरकारी नकाशावर आपली जागा बघूनच उडवावं. मी स्वतः ड्रोन फक्त वरातीला आणि मालकाचा आग्रह असेल तरच वापरतो. वरून सगळ्या वराती सारख्याच दिसतात. फेटा दिसतो, फेट्याखालचा माणूस दिसत नाही.

कोर्टाची_पायरी
मुक्काम पुणे यांच्या अनुभवावरून एक मुद्दा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि उलट करार नसेल, तर त्याचा पहिला मालक काम देणारा, फोटोग्राफर नव्हे. त्यामुळं तुमच्या लग्नाचा फोटो तुम्हाला न विचारता कुणी जाहिरातीत वापरला तर तुम्ही बोलू शकता. फोटोग्राफरनं हक्क आपल्याकडं ठेवायचे असतील तर तसं लिहून घ्यावं. आणि किती महिने मूळ फोटो जपणार हेही कागदावर यावं. बहुतेक व्यवहार अजून तोंडी चालतात, सगळी भांडणं तिथून सुरू होतात.

शिरोली_शिफ्ट
धागा पहिल्यापासून वाचला. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर आहे, वय २६. दोन वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या लग्नांचे फोटो काढतोय. सगळे म्हणतात नोकरी सोड, पूर्ण वेळ कर. घरी आई आणि लहान बहीण. सोडू का?

कृष्णधवल
भावा, लगेच नको. वर्षाचं गणित आधी नीट मांड. मुहूर्त मोजून असतात, त्यातले निम्मे एकाच तारखेला सगळ्यांची लग्नं असलेले. चातुर्मासात हातात काही नसतं. जावळ, बारसं, शाळेचे फोटो यावर चार महिने काढावे लागतात. मी पहिली पाच वर्षं पावसाळ्यात झेरॉक्सच्या दुकानात बसलोय.

दुसरं, कर्ज काढून कॅमेऱ्याची महागडी बॉडी घेऊ नकोस. बॉडी चार वर्षांत जुनी होते. एक चांगली पन्नास किंवा पस्तीस मिलिमीटरची लेन्स घे, ती जन्मभर साथ देईल. नोकरी ठेवून दोन सीझन एखाद्या चांगल्या माणसाबरोबर दुसरा फोटोग्राफर म्हणून जा. तिथं कॅमेऱ्यापेक्षा जास्त शिकायला मिळतं ते लोकांशी वागणं. रुसलेल्या चुलत्याला ग्रुप फोटोत कसं आणायचं. पाठवणीच्या वेळी किती मागं सरकायचं. सगळे जेवायला बसले की आधी आपण बसायचं नाही, कारण तेवढ्यात नवरीची आई पहिल्यांदा एका खुर्चीवर टेकलेली असते.

आणि एकदा खरी कॉर्नरला जाऊन तो कॅमेऱ्याचा स्तंभ बघून ये. रोज शेजारून जातो म्हणून बघत नाही आपण. आनंदराव पेंटर १९१६ मध्ये गेले, सिनेमाचा कॅमेरा करायचं त्यांचं काम अर्धवट राहिलं होतं. बाबूराव पेंटरांनी ते पुरं केलं, याच गावात, हातानं. आनंदराव गेल्यावर चार वर्षांत बाबूरावांचा चित्रपट पडद्यावर आला. मला कर्जाचे हप्ते जड झाले होते त्या वर्षी मी तिथं जाऊन उभा राहायचो.

शिरोली_शिफ्ट
दादा, या सीझनला तुमच्याबरोबर येऊ का? दिवा धरायला चालेल.

कृष्णधवल
ये. आता दिवा बारका झालाय, चटका बसत नाही.

निवृत्त_मास्तर
सगळ्यांना विचारलेत, पण धागाकर्त्यांनी स्वतःचे उत्तर दिलेले नाही. आपल्या लग्नातला कोणता फोटो आपण बघता?

कृष्णधवल
सर, विचारलंत म्हणून सांगतो.

माझं लग्न २००९ चं. फोटोग्राफर म्हणजे सगळे माझेच मित्र, सहा कॅमेरे होते. संध्याकाळी जेवणं चालू असताना भारनियमनाची वीज गेली. जनरेटर सुरू होईना. डिझेल होतं, पण दोरी ओढणारा जेवायला बसलेला. पाच-सात मिनिटं पूर्ण अंधार, स्टेजवर फक्त समई. मित्रांनी कॅमेरे खाली ठेवले. एकानं ठेवला नाही. त्याच्याकडं तेव्हा नवा डिजिटल कॅमेरा होता, त्यानं आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ३२०० वर नेला आणि खांब धरून एक फोटो घेतला.

फोटोत माझे वडील आणि सासरे, दोघे स्टेजच्या पायरीवर बसलेत. दिवसभर दोघं एकमेकांशी मानपानानं, हात जोडून बोलत होते. इथं सासऱ्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीय, वडील त्यांच्या मांडीवर थाप मारतायत आणि दोघंही मोठ्यानं हसतायत. वडिलांचा हात हललाय. कमी उजेडामुळं फोटोभर रवा सांडावा तसे दाणे आहेत. छापायला दिला तेव्हा लॅबवाला म्हणाला, हा बाद आहे. मी बारा बाय अठराचा करून घेतला.

ते कशावर हसत होते, ते मी दोघांनाही कधी विचारलं नाही. वडील २०१७ ला गेले, सासरे कोविडमध्ये. बायको म्हणते स्वयंपाकाबद्दल असेल. मला वाटतं जनरेटरबद्दल.

दूधगंगा
…

आंबेवाडीकर
दादा, तुम्ही म्हणालात तसं वडिलांच्या लग्नातल्या स्टुडिओत जाऊन आलो. दुकान आता मोबाइल रिपेअरिंगचं आहे, पण मालकांच्या मुलानं माळ्यावरून खोकी काढून दिली. पाकिटांवर साल आणि आडनाव आहे. १९८८ च्या खोक्यात आमच्या आडनावाची चार पाकिटं निघाली.

कृष्णधवल
वा! ऐका, कापडानं पुसू नका, फुंकर मारू नका. फिल्म कडेनं धरा आणि आहे त्या पाकिटातच राहू द्या. चारही घेऊन या, आपण उजेडावर धरून बघू, आई कुठल्यात आहेत ते. मंगळवारी मी मोकळा आहे, दुपारी तीननंतर कधीही या.

निवृत्त_मास्तर
मंगळवारी मीही येऊ का? माझ्या तीन काळ्या फोटोंच्या निगेटिव्ह मी कधी टाकल्या नाहीत. त्यातल्या एकात आजी आहे.

कृष्णधवल
या सर. फ्लॅश फुटला नसला तरी मांडवातल्या उजेडाचं काहीतरी फिल्मवर उमटलेलं असू शकतं. कागदावर ते येत नाही, स्कॅनरवर कधीकधी ओढून काढता येतं. आणि ती यादीही आणा, मला बघायचीय.